व्यवस्था राहते कुठे?

मराठी साहित्याला घरकोंबडेपणाचा रोग जडला आहे, असं निदान अलीकडेच एका जाणकारांनी केलं. त्यांचं नाव घेत नाही. अशी निदानं करणारे एकटे तेच नाहीत. म्हणणं थोडक्यात असं, की आमचे लेखक गरिबीवर लिहायला बसले की थेट चुलीपाशी जातात. तिथे सोसणारी आई, पिणारा नाहीतर पिचलेला बाप, उपाशी पोरं आणि शिळी भाकरी. वाचक डोळे पुसतो, पुस्तक मिटतो आणि सावकार, जात, बाजार हे सगळे निर्दोष सुटतात. तेव्हा लेखकाने घर सोडावं आणि ‘व्यवस्थे’वर लिहावं. टाळ्या पडल्या. अशा वाक्यांना पडतातच.

किरकोळ मुद्दे आधी उरकतो. ही पुस्तकं एकसुरी आहेत म्हणे. मग भूक तरी किती सुरांत लागावी? त्यांतली बोली कळत नाही म्हणे; परदेशी कादंबऱ्या शब्दकोश उशाशी घेऊन वाचणाऱ्यांनी वऱ्हाडीपुढेच एवढं नाजूक होऊ नये. हे सारं आता जुनं झालं म्हणे. असं म्हणणाऱ्याने ऊसतोडीचा हंगाम लागताना बीड जिल्ह्यातून निघणाऱ्या एखाद्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत डोकावून यावं.

आता मुख्य गोष्ट. व्यवस्था घराबाहेर कुठेतरी असते, बहुधा दारावर पाटी लावून बसलेली असते, आणि लेखक मात्र तिला चुकवून आत आईच्या पदराआड लपतो, असा या मंडळींचा समज दिसतो. माझा साधा प्रश्न आहे: ही व्यवस्था राहते कुठे? सावकाराची वही पेढीवर असते हे कबूल. पण तिचं व्याज फिटतं ते घरातल्या दूधदुभत्यातून, बायकोच्या अंगावरच्या डागातून, पोराच्या बंद पडलेल्या शाळेतून.

‘श्यामची आई’ घ्या. जाणकारांचा सगळ्यात आवडता नेम तोच. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेलं हे पुस्तक शाळेत एकदा वाचून ज्यांनी पुन्हा उघडलंच नाही, त्यांना त्यात मुलाच्या ओल्या पायांखाली पदर पसरणारी आई तेवढी आठवते. पुन्हा उघडलं तर दिसेल, की निम्मं पुस्तक कर्जाने भरलेलं आहे. भाऊबंदकी, वाटणी, थोरल्या घरातून झोपडीत आलेला संसार, वसुलीला आलेल्या सावकाराच्या माणसाचं अद्वातद्वा बोलणं आणि त्यावर त्या माउलीचा उसळलेला संताप, जप्तीची गावभर पिटलेली दवंडी. दिवाणी कायदा कोकणातल्या एका खेड्यात नेमका काय करतो, हे याहून स्वच्छ कुठल्या प्रबंधात सापडतं ते मला दाखवावं. आणि घराणं कोणाचं? खोताचं. कुळांकडून वसुली करणाऱ्या वर्गातलंच एक घर वसुलीखाली चिरडलं जातं. त्या कुळांच्या घरांत काय चाललं होतं, ते हे पुस्तक फारसं सांगत नाही. त्याची तक्रार जरूर करा. पण ती तक्रार ‘घर फार झालं’ अशी होत नाही, ‘घरं कमी पडली’ अशी होते.

अहवालांना मी नावं ठेवत नाही. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, दंगे पसरले, सरकारने आयोग नेमला, १८७९ साली कायदाही आला. त्या कागदपत्रांतून व्याजाचे दर कळतात, रोखे कसे लिहून घेतले जात तेही कळतं. रोख्यावर अंगठा उठवून आलेला माणूस त्या रात्री घरी काय बोलला, की बोललाच नाही, हे विचारणं आयोगाच्या कामात बसत नव्हतं. ते काम ज्याचं, त्यालाच आता जाणकार सांगताहेत, की तूही आयोग हो.

उद्धव शेळक्यांची ‘धग’ १९६०ची. तिच्यातली कौतिक नवऱ्याच्या शिवणकामावर संसार उभा करू पाहते, गाव बदलते, राबते. नवऱ्याला महारोग होतो आणि शेवटी तिचं डोकंच ठिकाणावर राहत नाही. पुढे १९७१मध्ये आलेली रा. रं. बोराड्यांची ‘पाचोळा’ हीही शिंप्याच्याच घरातली, आणि सांगणारी त्याची बायको पार्वती. दोन्हींत व्यवस्थेवर व्याख्यान नाही. गावातल्या बड्यांशी वाकडं आलं की एका घराचा धंदा, अब्रू आणि आपसातला जिव्हाळा कसा एकापाठोपाठ एक निखळत जातो, ते ‘पाचोळा’त पार्वतीच्या बोलण्यातून कळतं. ज्याला यात फक्त रडणं ऐकू आलं, त्याच्या कानांची तपासणी व्हावी.

थोडं विषयांतर करतो. आपल्याकडे एके काळी कला कशासाठी यावर दोन गट वर्षानुवर्षं भांडले. एक म्हणे कलेसाठी, दुसरा म्हणे जीवनासाठी. गंमत अशी, की दोन्ही गटांच्या कादंबऱ्यांतल्या नायकांना भाडं थकल्याची चिंता क्वचितच असे. आजचे जाणकार स्वतःला दुसऱ्या गटाचे वारस समजतात, पण स्वयंपाकघराचं वावडं मात्र त्यांनी पहिल्यांकडून घेतलेलं आहे. याच धाटणीचा दुसरा एक वाद दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ला आलं तेव्हा झाला. घरातली लक्तरं वेशीवर का टांगता, असं शिकून वर आलेल्या दलित समाजातल्याच काही माणसांनी विचारलं. त्यांची लाज मला समजते. जाणकारांचा कंटाळा समजत नाही.

कारण या मंडळींना घर नकोसं होतं त्यामागे आणखी एक गोम आहे. घरात शिरलं की अन्याय करणारा नेहमी परका निघत नाही. बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ १९८६ साली पुस्तकरूपाने आलं. त्यात सवर्णांची वागणूक आहेच. पण पळून जाऊ पाहणाऱ्या सुनेच्या पायात लाकडाचा खोडा घालणारं सासरही आहे. म्हणजे बाहेर जी माणसं जातीच्या खोड्यात अडकलेली, तीच घरात आपल्या सुनेला खोड्यात घालतात. व्यवस्था म्हणजे काय, हे समजावून सांगायला मला याहून नेमका पुरावा ठाऊक नाही. आणि लेखिका कोण? फलटणला छोटं दुकान चालवणारी, पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीतले कागद वाचणारी बाई. आपलं लिखाण तिने नवऱ्यापासून वर्षानुवर्षं लपवून ठेवलं. त्याची मारहाण पुस्तकात आली नाही. ती तिने पुढे मुलाखतीत सांगितली. न लिहिलेल्या त्या पानांतही घर आहे, आणि अन्यायही आहे. जाणकारांच्या व्यवस्थेच्या आराखड्यात ही पानं कुठल्या खान्यात बसतात, तेवढं त्यांनी सांगावं.

नुसती रडवणारी पुस्तकं नसतात असं कोण म्हणतं? ढिगाने असतात. त्यांत आईला नाव नसतं, तिला कोणावर राग येत नाही, आणि कर्ज नेमकं किती नि कोणाचं हे लेखकालाही ठाऊक नसतं. त्यांना झोडपा, मी मदतीला येतो. पण त्यांचा दोष घरात शिरण्याचा नाही, उंबऱ्यावरूनच परत फिरण्याचा आहे.

मग मला हवं तरी काय? फार नाही. गरिबीवर लिहिणाऱ्याने घरात कोण शेवटी जेवतं ते सांगावं. जमीन कोणाच्या नावावर आणि राबतं कोण, आजारपणात आधी काय विकलं, लेकीची शाळा कोणाच्या तोंडून बंद झाली, हे सांगावं. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’मध्ये शेतीचा तोटा दिसतो तो बी.ए., एम.ए. झालेल्या मुलाच्या संसारातून, नवराबायकोच्या न पटण्यातून. हमीभावाचं कोष्टक लेखकाला छापावं लागलेलं नाही. एवढं साधलं की सावकार, जात, बाजार आपल्या पायांनी पुस्तकात येतात. त्यांना वेगळं आवतण लागत नाही.

जाणकारांना तरीही घराबाहेरच लिहायचं असेल, तर त्यांनी तशी एक कादंबरी लिहून दाखवावी. मी ती विकत घेऊन वाचेन. तोवर वाचकहो, तुमच्या गावच्या वाचनालयात ‘धग’ आहे का ते बघा, आणि नसेल तर मागवायला लावा.