पथ्य आणि फॅशन

किटोजेनिक आहार आम्हा बालरोगतज्ज्ञांना नवा नाही. १९२१ साली मेयो क्लिनिकचे डॉ. रसेल वाइल्डर यांनी तो अपस्मारासाठी सुचविला. औषधांना दाद न देणाऱ्या काही बालकांची आकडी आटोक्यात आणण्यासाठी तो आजही योजिला जातो. पण मोजूनमापून, रक्ततपासण्या करीत, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. आता हेच पथ्य लग्नसराईपूर्वी वजन उतरविण्याचा मंत्र म्हणून मिरवते आहे.

वजन उतरत नाही असे नाही. आरंभी ते झपाट्याने उतरते. मात्र त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो. पुढे काय? स्टॅनफर्डच्या २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६०९ प्रौढांचे दोन गट केले होते. वर्षाअखेर कमी चरबीच्या आहाराने सरासरी ५.३ किलो, तर कमी कर्बोदकांच्या आहाराने ६ किलो वजन घटले. संख्याशास्त्रदृष्ट्या हा फरक लक्षणीय नव्हता. दोन्ही गटांना साखर-मैदा टाळून भरपूर भाज्या व घरचे ताजे अन्न घेण्यास सांगितले होते. माझ्या मते मर्म येथेच आहे.

आपल्या इंदुरात शेव-जिलबीचा मोह मोठा. तो रोज पुरवू नये, एवढेच. वरण-भात, पोळी, उसळ, कोशिंबीर, ताक हा आपला आहार भूक राखून घेतल्यास पुरेसा आहे. आईने पोळी-भात वर्ज्य केला की वयात येणारी मुलगीही तो सोडते. आणि तिची तर हाडे भरण्याचीच वर्षे असतात. म्हणून आहारतक्ता लिहिण्यापूर्वी आपण डॉक्टरांनी एकच प्रश्न स्वतःस विचारावा : हे ताट सर्व कुटुंबाला दहा वर्षे जेवता येईल काय?