दुखण्याची तारीख

बँकेत उभी हयात गेल्यामुळे मला एक खोड जडली आहे. कागद हाती आला, की मजकुराआधी नजर तारखेकडे जाते. रक्कम दोघांनाही मान्य असते. तंटा असतो तो व्याज कुठल्या दिवसापासून धरायचे याचा.

अमेरिकेत राहणाऱ्या एका मित्राचा शेजारी निवृत्त सैनिक आहे. त्याच्या गुडघ्याची भरपाई मंजूर झाली, तरी तो खूश नाही. ‘गुडघा गेला तेव्हापासून द्या,’ एवढेच त्याचे म्हणणे.

तिथला नियम असा : अर्ज पोचल्याची तारीख आणि हक्क निर्माण झाल्याची तारीख, यांपैकी जी नंतरची ती खरी. सेवामुक्तीनंतर वर्षाच्या आत अर्ज केला, तर मात्र सेवामुक्तीच्या दुसऱ्या दिवसापासून हक्क धरतात.

गोळी लागली, तर तिला तारीख असते. झिजणाऱ्या सांध्याला ती कुठून असणार? गुडघा ४५ अंशांपलीकडे वाकेना, तर १० टक्के अपंगत्व. ३० अंशांवर अडला, तर २० टक्के. पण तो नेमका कुठल्या दिवशी अडला? डॉक्टरांनी मोजले, तोच दिवस धरणे सोपे. तिथल्या न्यायालयांनी मात्र बजावले आहे, की तपासणीचा दिवस म्हणजे आपोआप हक्काचा दिवस नव्हे. पुरावा काय सांगतो ते पाहा. म्हणूनच जुन्या चिठ्ठ्याचपाट्यांना तिथे मोल आहे.

निकाल पटला नाही, तर १९ फेब्रुवारी २०१९पासून तीन वाटा आहेत : नवा पुरावा जोडून पुरवणी दावा, वरिष्ठांकडून फेरतपासणी किंवा अपील मंडळ. वर्षाच्या आत यांपैकी एक धरली, तर मूळ तारीख शाबूत राहते. वर्ष उलटले, की निकाल पक्का. मग जुन्या निकालात ढळढळीत चूक होती, हे सिद्ध करावे लागते. नुसती ‘तारीख मागे न्या’ ही मागणी चालत नाही, असे २००६ साली न्यायालयाने सांगितले.

नियम किती कडक, ते आरेलानो यांच्या खटल्यात दिसले. हे नौसैनिक १९८१ साली सेवामुक्त झाले. मानसिक आजाराच्या भरपाईसाठी अर्ज आला २०११ साली. आजारामुळेच अर्ज करता आला नाही, हे म्हणणे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३मध्ये एकमताने अमान्य केले. तीस वर्षे हिशेबातून गेली.

न्यायाधीशांना मी निर्दय म्हणणार नाही. खतावणीला तारीख लागतेच. पण सैनिकाला कुरकूर न करण्याची शिस्त शिकवायची आणि पुढे ‘इतके दिवस गप्प का बसलास?’ म्हणून पैसे कापायचे, हा कुठला न्याय? २०१५पासून ‘दावा करणार आहे’ एवढे कळवले, तरी वर्षभर तारीख राखून ठेवतात. ही सोय शहाणपणाची आहे. माझ्या मते पुढचे पाऊल असे हवे, की सेवामुक्तीच्या दिवशी ही नोंद खात्यानेच करावी.

तोवर सैनिकाने आणि आपणही एक पथ्य पाळावे. दुखणे अंगावर काढले, तरी कागद अंगावर काढू नये. तो वेळेत द्यावा आणि तारखेच्या शिक्क्यासह पोच घ्यावी.