रिकाम्या खोलीची ताकद
#मुंबईचा_इतिहास

१/ गरिबांच्या घरबांधणीत विकासकांची संख्या वाढवा, त्यांच्यात स्पर्धा लावा, म्हणजे दर्जा आपोआप सुधारेल, असे हल्ली ठामपणे सांगितले जाते. मुंबईचा सव्वाशे वर्षांचा इतिहास या विधानाला दुजोरा देत नाही.

२/ १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दाटीच्या वस्त्या हटवून आरोग्यदायी घरे उभारणे हा तिचा उद्देश. प्रत्यक्षात पहिल्या दोन दशकांत ट्रस्टने बांधली त्याहून अधिक घरे पाडली. बेघर झालेली कुटुंबे खासगी चाळींत कोंबली गेली. घरमालक पुष्कळ होते, खोल्या अपुऱ्या होत्या. भाडेकरू टिकवण्यासाठी नळ दुरुस्त करण्याची गरज कोणालाच नव्हती.

३/ १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजेच बीडीडी, आले. योजना ५०,००० खोल्यांची होती. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी व सुमारे १६,००० खोल्या एवढेच काम झाले. खोली १६० चौरस फुटांची.

४/ मग अनपेक्षित घडले. कामगारांनी या खोल्या नाकारल्या. भाडे परवडत नव्हते, वरळी अनेक गिरण्यांपासून आडबाजूला होती. हजारो खोल्या वर्षानुवर्षे ओस राहिल्या आणि सरकारला भाडी उतरवावी लागली. १९३० च्या सविनय कायदेभंगात तर वरळीच्या चाळींत सत्याग्रहींना डांबण्यात आले.

५/ दुसऱ्या महायुद्धानंतर आणि फाळणीनंतर ही नकाराची ताकद संपली. रिकामी खोली दुर्मीळ झाली. १९४७ च्या कायद्याने भाडे गोठले, भाडेकरूला संरक्षण मिळाले. मात्र मालकाचा दुरुस्तीतला रस आटला आणि सोडून जावे तर पागडी मोजावी लागे.

६/ १९९५ च्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत विकासकांची चुरस खरोखर लागली, पण ती जमिनीसाठी. नफा खुल्या बाजारात विकायच्या सदनिकांतून येतो. रहिवाशाची किंमत संमतिपत्रावर सही होईपर्यंत. इमारतीत राहायला गेल्यावर लिफ्ट बंद पडली, तर विकासकाचे काय बिघडते?

७/ यावर, ‘मग सगळे सरकारनेच बांधावे का?’ असा प्रश्न येईल. ट्रस्ट आणि बीडीडी सरकारीच होते, हे त्याचे उत्तर. बांधणारा कोण, यापेक्षा राहणाऱ्याला नाही म्हणता येते का, हा प्रश्न महत्त्वाचा.

८/ परवडणारी घरे मुबलक असणे आणि निकृष्ट बांधकामाची झळ बांधणाऱ्यालाच बसणे, या दोन अटींवाचून स्पर्धेचा लाभ रहिवाशापर्यंत पोहोचत नाही. स्पर्धेचे गोडवे गाणाऱ्यांनी आधी या अटींची मागणी करावी.