डोहाळजेवणात मिश्रीची डबी नको!

आयाबायांनो, सासवांनो आणि घरातल्या कर्त्या पुरुषांनो,

गेल्या आठवड्यात आपल्याच वस्तीत डोहाळजेवण झालं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, सगळं थाटात. ओटी भरून झाली आणि मिश्रीची डबी फिरली. सातव्या महिन्यातल्या पोरीला मळमळत होतं, तर एका जाणत्या बाईनं तिच्या बोटावर चिमूट ठेवली. "लाव, बरं वाटेल." आम्ही बचत गटाच्या बायका तिथंच होतो. एकीनंही हात धरला नाही. त्याची लाज वाटते, म्हणून हे आवाहन.

मिश्री म्हणजे तव्यावर भाजलेली तंबाखू. हिरडीतून ती रक्तात जाते, रक्तातून बाळाकडे. मुंबईतल्या 1217 गर्भवतींचा अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला. मिश्रीसारखी तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी 105 ग्रॅमनं हलकी भरली. दिवस भरण्याआधीची बाळंतपणंही त्यांच्यात जास्त. त्यात राज्यातल्या जवळपास 46 टक्के गर्भवतींच्या अंगात रक्त कमी! गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे. पण आपल्याच चुलीवरच्या तव्यावर बंदी कोण घालणार?

"आमच्या आईनं जन्मभर लावली, आम्ही जगलोच की!" मग त्याच आईची गेलेली लेकरंही मोजा. "मिश्रीशिवाय पोट साफ होत नाही." पालेभाजी खा, पाणी प्या. यावर वाद नको.

आजपासून हे करा :

1. घरात मिश्री भाजणं बंद. सून, लेक, सासू, सगळ्यांनी सोडा. जमत नसेल तर 1800-11-2356 या मोफत क्रमांकावर मदत मागा.
2. मूल हवं असं ठरलं की लगेच डॉक्टरांना विचारून फोलिक ॲसिड सुरू करा. बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून पहिल्या 28 दिवसांत मिटते. तोवर दिवस गेल्याचंही अनेकींना धड कळत नाही.
3. 12 आठवड्यांच्या आत आशाताईंकडे नोंदणी. हिमोग्लोबिन 11 च्या खाली असेल तर घरगुती उपायांवर थांबू नका.
4. चौथ्या महिन्यापासून लोहाची गोळी रोज, किमान 180 दिवस. चहासोबत नको, लिंबू पिळलेल्या जेवणानंतर चालेल.
5. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गर्भवतींची मोफत तपासणी असते. नवऱ्यानं खाडा करून सोबत जावं.

कर्जाचा एक हप्ता न चुकवणारा आपला गट आहे. एका डबीपुढे हरणार का? पुढच्या डोहाळजेवणाला गटातर्फे शेंगदाणा-गुळाचे लाडू येतील. डबी कुणी काढलीच, तर यावेळी हात धरला जाईल.