जतनाचा कर्ता कोण? : औंधच्या तीन संहिता

कलावस्तू सांभाळल्या, चित्रपटांच्या प्रती शाबूत ठेवल्या, की गावाचा इतिहास सुरक्षित झाला, अशी एक समजूत मराठी समीक्षेत आणि सांस्कृतिक इतिहासलेखनात स्थिरावली आहे. या समजुतीत जतन ही निरागस क्रिया ठरते. तिला कर्ता नसतो, हेतू नसतो आणि वगळण्याचे नियमही नसतात. अभिलेख म्हणजे कागदांचा ढीग नव्हे, तर काय म्हणता येईल आणि काय नाही हे ठरविणारी व्यवस्था होय, हे मिशेल फूको यांनी १९६९ मध्ये मांडले. त्यांचे हे प्रतिपादन आपल्याकडे प्रबंधांच्या पहिल्या प्रकरणात उद्धृत होते आणि दुसऱ्या प्रकरणापासून विसरले जाते.

सातारा जिल्ह्यातील औंधचे उदाहरण या संदर्भात तपासण्यासारखे आहे. यमाईच्या डोंगराशी वसलेले हे गाव एका संस्थानाची राजधानी होते. भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये येथे श्री भवानी संग्रहालय उभारले. राजा रविवर्मा, धुरंधर यांच्या चित्रांपासून हेन्री मूर यांच्या माता-बालक शिल्पापर्यंतचा हा संग्रह थक्क करणारा आहे. स्वतः चित्रकार असलेल्या, चित्ररामायण रेखाटणाऱ्या राजाची ती निवड आहे. पण नेमके हेच विसरले जाते. संग्रहाचे संघटनतत्त्व रुची हे आहे, गाव नव्हे. तेथे औंधचा राजा काय पाहत होता हे दिसते; औंधची रयत काय पाहत होती हे त्या संग्रहाला विचारताच येत नाही.

दुसरी संहिता चित्रपटाची. मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने १९३९ च्या सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. त्या प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ निर्माण केला. पुढच्याच वर्षी बर्लिनमध्ये त्याचा गौरव झाला. या रूपांतरात काय घडले? सहा कैदी आणि एक ध्येयवादी जेलर उरले. अखेरीस जेलरचा मृत्यू आणि त्याचे सदैव जागे राहणारे डोळे. एका राजकीय व्यवस्थेच्या अंगाने वाढलेला प्रयोग व्यक्तीच्या नैतिक सामर्थ्याची बोधकथा झाला. चित्रपट म्हणून हे परिवर्तन समर्थनीय आहे. कलाकृतीकडे दस्तऐवजाची अचूकता मागणे हा बाळबोध वास्तववादच होय, हा आक्षेप मान्य करावाच लागेल. परंतु प्रश्न अचूकतेचा नसून वाचनाचा आहे. त्या बोधकथेलाच ‘औंधची स्मृती’ म्हणणारी समीक्षा वगळलेल्या भागाची दखल घेत नाही, ही तक्रार आहे. चित्रपटसंग्रहाची सूचीही चित्रपटाला दिग्दर्शक, निर्मितिसंस्था आणि वर्ष यांच्या नावाने ओळखते. गावाच्या नावाने शोधणाऱ्याला तेथे वाट नसते.

तिसरी संहिता व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) आणि तिच्यावरचा अमोल पालेकर यांचा चित्रपट (१९९५). येथे दृष्टी उलटते. माणदेशातील धनगरांच्या वाडीत तालीम बांधली जाते आणि तिच्या उद्घाटनाला राजा येतो. राजा येथे पाहणारा नसून पाहिला जाणारा आहे. पुढे दुष्काळात वाडी उठते. मात्र वाडीची बाजू मांडते म्हणून ही संहिता ‘खरी’ ठरविण्याची घाईही घातक आहे; देशीयतेच्या आग्रहात ती अनेकदा झाली आहे.

या तिन्ही संहितांच्या मध्ये एक मोकळी जागा आहे. भवानरावांनी सत्ता प्रजेच्या हाती देण्याची घोषणा १९३८ मध्ये केली. गांधीजींच्या मार्गदर्शनाखाली अप्पासाहेब पंत आणि फ्रीडमन यांनी साकारलेली, ग्रामपंचायतींच्या पायावर उभी असलेली घटना १९३९ मध्ये अमलात आली. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि प्रयोग संपला. औंधच्या इतिहासातील ही सर्वांत महत्त्वाची घटना संग्रहालयाच्या रुचीत मावत नाही, जेलरच्या बोधकथेत मावत नाही, वाडीच्या कहाणीचाही ती विषय नाही. राज्यघटना दृश्य नसते. म्हणून दृश्यांच्या जतनाने तिचे जतन होत नाही.

त्यात प्रशासकीय सीमांनी भर घातली. मुळातच विखुरलेल्या या संस्थानातील औंध साताऱ्यात राहिले. आटपाडी आणि कुंडल १९४९ च्या दक्षिण साताऱ्यात, म्हणजे १९६० नंतरच्या सांगली जिल्ह्यात गेले. गुणदाळचा भाग आज कर्नाटकात आहे. जिल्हानिहाय इतिहास लिहिण्याच्या शिरस्त्यात संपूर्ण औंध कोठेच भेटत नाही.

अशा स्थितीत ‘वारसा’ या शब्दाचा गजर करणे म्हणजे समीक्षेने आपले काम संग्रहपालावर सोपविणे होय. संग्रहपालाने वस्तू राखाव्यात. त्यांच्यातील मौनाचा अन्वय लावणे ही समीक्षेची जबाबदारी आहे. संग्रहालय, चित्रपट आणि कादंबरी या तीन वेगवेगळ्या अभ्यासशाखांच्या मालमत्ता आहेत, ही विद्यापीठीय वाटणी त्यासाठी प्रथम मोडावी लागेल. औंधवरचा प्रबंध मराठी विभागात लिहिला जाईल आणि त्यात घटनेचा मसुदा कादंबरीइतक्याच बारकाईने वाचला जाईल, तेव्हाच या गावाच्या इतिहासाचे जतन सुरू झाले असे म्हणता येईल.