सेल पाझरण्याआधी

भिलाईच्या सेक्टरमधल्या मराठी घरांना उन्हाळ्याच्या सुटीत कुलूप लागते आणि मंडळी नागपूर-अमरावतीकडे निघतात. गॅस बंद, नळ बंद, फ्रिज रिकामा. पण टॉर्च, रिमोट आणि सासूबाईंचे रक्तदाब मोजायचे यंत्र यांतले सेल काढायचे राहूनच जाते. मग पावसाळ्यात एखाद्या रात्री सासूबाईंना गरगरते आणि यंत्राचे बटण दाबावे, तर ते मुके! झाकण उघडल्यावर आत पांढरी भुकटी आणि गंजलेली स्प्रिंग. (अशा वेळी यंत्र पुसत बसू नये, आधी डॉक्टर गाठावा.)

साध्या सेलचे जस्ताचे डबडेच वीज देताना झिजत जाते. त्याला भोक पडले की आतला आम्लधर्मी लगदा बाहेर येतो. 'अल्कलाइन' सेलचे कवच पोलादी असते. पण तो संपत आला की आत वायू साठतो आणि दाबाने क्षार पाझरतो. म्हणजे संपलेला सेल आत राहू देणे सर्वांत वाईट. थकलेले सेल उन्हात तापवून चार दिवस जास्त चालवण्याची जुनी काटकसरही अंगाशी येते, कारण उष्णतेने गळती वाढते. जुना आणि नवा सेल एकत्र घालू नये.

सफाईपूर्वी रबरी हातमोजे घालावेत, खाली वर्तमानपत्र पसरावे आणि मुलांना दूर ठेवावे. सेलवर काय छापले आहे ते आधी वाचावे. साधा असेल तर खायच्या सोड्याची दाटसर पेस्ट जुन्या टूथब्रशने लावावी. अल्कलाइन असेल तर सोडा कामाचा नाही. कापसाच्या बोळ्यावर व्हिनेगरचे किंवा लिंबाचे दोन-चार थेंब घेऊन पुसावे. नंतर किंचित ओल्या फडक्याने पुसून पूर्ण कोरडे होऊ द्यावे, कारण लिंबाचा अंश राहिला तर तोही धातू खातो. स्प्रिंग पॉलिश पेपरने हलकेच घासावी. यंत्रावर पाणी ओतू नये. हिरवट डाग आतल्या सर्किटपर्यंत गेले असतील तर मेकॅनिककडेच द्यावे.

काढलेले चांगले सेल किल्ल्या-नाण्यांच्या डब्यात टाकू नयेत, तिथे त्यांची टोके जोडली जातात. कागदात गुंडाळून यंत्राच्या पिशवीतच, पण यंत्राबाहेर ठेवावेत. वाया गेलेले सेल चुलीत किंवा शेकोटीत टाकू नयेत, घंटागाडीत वेगळे द्यावेत.

यंत्र सुरू झाले तरी पुढच्या भेटीत ते डॉक्टरांकडे न्यावे आणि तिथल्या आकड्याशी ताडून पाहावे.