नस म्हणजे नळ नव्हे

गावात कुणाला हार्ट अटॅक आला की भेटायला येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती टक्के ब्लॉकेज निघालं?" उत्तरही तयार असतं. ऐंशी टक्के, नव्वद टक्के, दोन ठिकाणी. मग स्टेंट कसला टाकला, खर्च किती आला, योजनेत बसलं की नाही, यावर तासभर बोलणं होतं. पण त्याच माणसाचा रक्तदाब गेली दहा वर्षं किती होता, हे त्या घरात कुणालाच सांगता येत नाही. साताऱ्यात, कराडला, मिरजेला, ओळखीच्या कितीतरी घरांत मी हे पाहत आलोय. माझ्या मते या बेफिकिरीच्या मुळाशी आपल्या डोक्यात घट्ट बसलेलं एक चुकीचं चित्र आहे. रक्तवाहिनी म्हणजे नळ, आणि नळ तुंबेपर्यंत त्याच्याकडे बघायचं काय कारण?

आपली बोलीही या गोंधळाला हातभार लावते. कंबरेत नस दबली म्हणतो, तेव्हा दबलेला असतो मज्जातंतू. रात्री पोटरीत नस चढली म्हणतो, तेव्हा आखडलेला असतो स्नायू. सलाईन लावताना नर्सला जी नस सापडत नाही, ती नीला. आणि मेंदूची नस फुटली म्हणतो, ती बहुतेक वेळा धमनी. चार वेगळ्या गोष्टी आणि शब्द एकच. आमच्या घरातल्या दखनी बोलीत 'रग' आहे, तीही अशीच सगळीकडे चालते. रोजच्या बोलण्यात याने काही बिघडत नाही. पण डॉक्टर म्हणाले, "नसांवर ताण येतोय," आणि पेशंट घरी येऊन पाठीला तेल चोळून घेत बसला, की हा गोंधळ महागात पडतो.

म्हणून आधी रचना समजून घेऊ. हृदयाकडून रक्त नेते ती धमनी, हृदयाकडे परत आणते ती नीला. दोन्हींच्या भिंतीला तीन थर असतात. आतला थर पेशींच्या एकाच पदराचा आणि गुळगुळीत. मधला स्नायूंचा आणि लवचिक तंतूंचा. बाहेरचा आधार देणारा. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याचा दाब धमनीला झेलायचा असतो, म्हणून तिचा मधला थर जाड. नीलेत दाब कमी, म्हणून तिची भिंत पातळ. पायांतल्या नीलांमध्ये रक्त खाली घसरू नये म्हणून झडपा असतात आणि आपण चालतो तेव्हा पोटरीचे स्नायू ते रक्त वर ढकलतात. शरीरात साधारण पाच लिटर रक्त असतं, त्यातलं निम्म्याहून जास्त कोणत्याही क्षणी नीलांमध्येच असतं.

महाधमनी हृदयापाशी अडीच सेंटीमीटरच्या आसपास रुंद असते. तिला फाटे फुटत जातात, फाट्यांना आणखी फाटे, आणि शेवटी येते केशवाहिनी. तिची भिंत एका पेशीच्या जाडीची. वाट इतकी अरुंद की तांबड्या पेशींना अंग चोरून एकामागून एक जावं लागतं. प्राणवायू आणि साखर रक्तातून शरीराला मिळते ती मुख्यतः इथे. बाकीचं जाळं रक्त इथवर आणण्यासाठी आणि परत नेण्यासाठी आहे.

सातारा-सांगलीच्या वाचकाला पुढची गोष्ट समजायला शेताचा बांध पुरेसा आहे. टेंभूचे, ताकारीचे, म्हैसाळचे पंप कृष्णेचं पाणी उचलून वर नेतात, त्यांचं आपल्याला कौतुक आहे आणि असायलाही हवं. पण पाणी कुठल्या सरीत किती वेळ जाणार, हे ठरवतो खोरं घेऊन शेतात दारं धरणारा माणूस. शरीरात हे काम केशवाहिनीच्या अलीकडच्या बारीक धमन्या करतात. त्यांना धमनिका म्हणतात. त्यांच्या भिंतीतला स्नायू आवळला की दार मिटतं, सैल पडला की उघडतं. जेवण झालं की आतड्यांकडची दारं उघडतात, पळायला लागलो की मांड्यांकडची. थंडीत कातडीकडची मिटतात. आणि यात गणित फार कडक आहे. दाब तोच ठेवून नळीची त्रिज्या निम्मी केली, तर प्रवाह निम्मा होत नाही, सोळाव्या हिश्शावर येतो. म्हणजे धमनिका किंचित आवळली तरी मागे दाब चांगलाच वाढतो.

ही भिंत जिवंत आहे, ती ऐकते आणि उत्तर देते, हे विज्ञानालाही उशिरा कळलं. १९८० साली अमेरिकेतल्या रॉबर्ट फर्चगॉट यांनी सशाच्या महाधमनीच्या तुकड्यांवर प्रयोग करून दाखवलं की आतला तो एका पदराचा थर खरवडून काढला, तर ठरावीक औषध देऊनही धमनी सैल पडत नाही. थर शाबूत असला तर पडते. म्हणजे सैल हो, हा निरोप तो पातळ थर देतो. हा निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साईड नावाचा साधा वायू आहे, हे पुढे सिद्ध झालं. फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघांना त्यासाठी १९९८ चं नोबेल मिळालं. तंबाखू, वाढलेली साखर आणि वाढलेला दाब या तिन्ही गोष्टी याच थराला इजा करतात. ब्लॉकेजची सुरुवातही इथूनच होते, अँजिओग्राफीत दिसण्याच्या कितीतरी वर्षं आधी. आपल्याकडे सकाळी दाताला मिश्री लावणाऱ्या बायकांना ती तंबाखूच आहे असं वाटत नाही, पण त्यातल्या निकोटिनने रक्तवाहिन्या आवळतातच.

सगळी दारं एकदम मिटली तर काय होतं, याचं उदाहरण आपल्या शेजारीच आहे. महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरला की पोलादपूर आणि पुढे महाड. तिथल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७० च्या दशकात डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. लाल विंचू चावलेली माणसं, विशेषतः लहान मुलं, तिथे यायची आणि दगावायची. बावस्कर रुग्णांच्या उशाशी बसून राहिले, नोंदी करत राहिले. दरदरून घाम, बर्फासारखे गार हातपाय, चढलेला दाब, मग फुप्फुसात पाणी. विंचवाच्या विषाने शरीरातली ॲड्रेनालीनसारखी द्रव्यं उसळतात, धमनिका आवळल्या जातात आणि त्या बंद दारांवर रक्त ढकलता ढकलता हृदय थकतं. बावस्करांनी रक्तदाबासाठी वापरलं जाणारं प्राझोसिन हे साधं, स्वस्त औषध दिलं. ते धमनिकांचा स्नायू सैल करतं. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी चारातला एक तरी जायचा. ते प्रमाण शेकडा एकाच्या आसपास आलं. हे काम 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हृदय वाचलं ते रक्तवाहिन्यांवर उपचार केल्यामुळे.

उच्च रक्तदाबातही दारं आवळलेलीच असतात, पण विंचवासारखा गाजावाजा न करता, वर्षानुवर्षं. धमनिकांच्या भिंती जाड होत जातात. हृदयाचा स्नायू फुगतो. मूत्रपिंडाच्या गाळण्या झिजतात. डोळ्याच्या पडद्यावर, जिथे डॉक्टरला जिवंत रक्तवाहिनी थेट बघता येते, तिथे खुणा उमटतात. आणि बहुतेकांना या सगळ्या काळात काहीही दुखत नाही. "माझं डोकं दुखत नाही, म्हणजे बीपी नाही" हे मी रोज ऐकतो. अंदाजाने रक्तदाब कळत नाही, तो मोजावाच लागतो.

आमच्या गल्लीत एक चाचा होते. पहाटे बेकरीच्या भट्टीपुढे उभं राहणारे, अंगाने धडधाकट. दाब वाढलेला निघाला, गोळी सुरू झाली, दाब उतरला. रमजान आला तसं त्यांनी गोळी सोडली. बरं तर वाटतंय, आणि एकदा सवय लागली की जन्मभर घ्यावी लागते, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. ईद झाली तरी गोळी परत सुरू झाली नाही. काही महिन्यांनी उजवी बाजू गेली. रोज एकदाच घ्यायची गोळी डॉक्टरांना विचारून इफ्तारनंतर घेता येते, एवढं त्यांना कुणी सांगितलं असतं तर? दारं धरणाऱ्याला रोज शेतात जावं लागतं, त्याला आपण व्यसन म्हणत नाही. दाब कमी झालेला दिसतो तो गोळीमुळे, आजार गेल्यामुळे नव्हे.

गंमत म्हणजे यासाठी सातारा जिल्ह्याला दूर कुठे बघायची गरज नाही. केंद्र सरकार, आयसीएमआर, राज्य सरकारं आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून २०१७ मध्ये 'इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह' हा उपक्रम सुरू केला. पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातले जे जिल्हे निवडले, त्यात सातारा होता. सरकारी दवाखान्यात दाब मोजायचा, ठरलेल्या मोजक्या गोळ्या द्यायच्या, माणूस परत आला नाही तर त्याचा माग काढायचा. यात यंत्रांचा झगमगाट नाही. २०२२ मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. अशा उपक्रमांत वापरली जाणारी अम्लोडिपीनची गोळी काय करते? धमनीच्या भिंतीतला स्नायू सैल करते. दारं उघडते. पण आपल्या जिल्ह्यात हे घडलं, याची चर्चा मी कुठल्याही कट्ट्यावर ऐकलेली नाही.

आता थोडं आपल्या समाजाविषयी. दर काही महिन्यांनी व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतो, की रक्ताभिसरणाचा शोध हार्वेच्या आधी मुसलमानाने लावला. त्यात तथ्य आहे. दमास्कसमध्ये जन्मलेल्या आणि कैरोत काम केलेल्या इब्न अल-नफीस यांनी १२४२ मध्ये लिहून ठेवलं, की हृदयाच्या उजव्या कप्प्यातून डाव्या कप्प्यात रक्त मधल्या पडद्यातून झिरपत नाही, ते फुप्फुसांतून फिरून येतं. संपूर्ण शरीरातलं अभिसरण हार्वेने १६२८ मध्ये मांडलं आणि केशवाहिन्या माल्पिगीने १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसात पाहिल्या, हेही तितकंच खरं. पण मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच. अल-नफीस ज्या ग्रंथावर भाष्य लिहीत होते तो इब्न सीनाचा होता, आणि त्यात हजार वर्षांपूर्वीच्या गॅलेनचं मत मान्य केलेलं होतं. एवढ्या मोठ्या नावांपुढेही त्यांनी लिहिलं, की मधल्या पडद्याला अशी वाटच नाही. असा मेसेज पुढे ढकलणाऱ्या किती जणांना स्वतःचे दोन आकडे माहीत आहेत? आठशे वर्षांपूर्वीच्या माणसाचा अभिमान बाळगायचा आणि आपल्या अम्मीचा दाब कधी मोजायचा नाही, हा अभिमान पोकळ आहे.

आपल्या गावागावात दूध डेअरी आहे. सकाळ-संध्याकाळ किटलीतलं दूध मोजलं जातं, फॅट लागते, पावतीवर आकडा येतो. पॉइंट-दोन पॉइंटने फॅट घसरली तर माणूस म्हशीच्या वैरणीचा विचार करायला लागतो. त्याच रांगेत उभ्या असलेल्या माणसाला स्वतःचा आकडा विचारा, तो हसून मान हलवील. मला वाटतं, रक्तदाबाचं यंत्र याच डेअरीत ठेवावं. मशिदीत वजूखान्याशेजारी ठेवावं, देवळाच्या ओसरीत आणि तालमीतही ठेवावं. किंमत एका साध्या मोबाइलपेक्षा कमी आहे. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून निदान एकदा पाच मिनिटं शांत बसून दाब मोजावा. वरचा १४० किंवा खालचा ९० च्या पुढे पुन्हा पुन्हा दिसला तर आरोग्य केंद्र गाठावं. मीठ दिवसाला चमचाभराच्या आत ठेवावं, आणि लोणचं, पापड, खर्डा यांतलं मीठही त्यातच धरावं. मिश्री बंद करावी.

यासाठी नव्या हॉस्पिटलची वाट बघायला नको. पुढच्या शुक्रवारी आमच्या मशिदीच्या ट्रस्टींपुढे मी हा विषय ठेवणार आहे. तुमच्या डेअरीच्या चेअरमनपुढे तुम्ही ठेवा.